पोपट पाळावयाचा झाल्यास : पिल्लू की प्रौढ पक्षी?

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेनंतरच्या एका मोकळ्या तासाला नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. तिच्या शेजारच्या एक निवृत्त आजी कायमच्या पुण्यास मुलाकडे जावयास निघाल्या होत्या. त्यांच्यापाशी कॉकटील जातीचा अकरा वर्षांचा एक पोपट होता, आणि तो हिच्या घरच्यांनी ठेवून घ्यावा अशी आजींची इच्छा होती. इकडे हिच्या मामांनी शहरातील एका दुकानदारापाशी त्याच जातीच्या पिल्लाची बोलणी करून ठेवली होती. "नुकते डोळे उघडलेले पिल्लू देतो, तुमच्या हाताने भरवा, म्हणजे ते तुम्हांलाच आई समजेल," असे दुकानदाराचे म्हणणे. घरात दोन तट पडले होते. मुलगी म्हणाली, "सर, पिल्लू लहानपणापासून आमच्यापाशी वाढेल. म्हातारा पक्षी आपला होतो का हो?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर. पक्षिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. "विचार करून सांगतो" एवढेच त्या दिवशी म्हणालो. पुढे काही वाचले, पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यांस विचारले, दोन-तीन घरचे पाळीव पक्षी जाऊन पाहिले. त्या मुलीला जे उत्तर दिले तेच येथे जरा विस्ताराने मांडीत आहोत. कारण हा प्रश्न तिच्या एकटीच्या घरचा नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्या मराठीत 'पोपट' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो लाल चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला हिरवा पक्षी. आमच्या कोंकणीत त्याला 'कीर' म्हणतात, आणि हा शब्द थेट संस्कृतातला आहे. हा कीर, त्याहून मोठा करण पोपट, जांभळट डोक्याचा तोई पोपट, आपल्या सह्याद्रीत दिसणारा निळ्या पंखांचा पोपट, हे सर्व या भूमीतले वन्य पक्षी होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे अथवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. देशातील वन्य पक्ष्यांचा व्यापार तर १९९०-९१ पासूनच पूर्णपणे बंद करण्यात आला. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाची रक्कम वाढली. आता तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा 'किराचे पिल्लू घ्यावे की मोठा कीर घ्यावा' हा विचार करण्याजोगा प्रश्नच नव्हे. दोन्ही घेऊ नयेत. ज्यांच्या घरी असा पक्षी आधीपासून आहे त्यांनी तो एकदम रानात सोडून देण्याचा भलेपणाही करू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला चारा शोधणे ठाऊक नसते आणि घार-ससाण्यापासून जीव वाचविणेही. वन खात्याला कळवावे, हाच त्यातला मार्ग.

निवड करावयाची ती परदेशी वंशाच्या, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मणाऱ्या जातींची. कॉकटील व बजरीगर हे मूळचे ऑस्ट्रेलियातील. आफ्रिकेतील करड्या रंगाचा, लाल शेपटीचा पोपट हा त्याहून पुष्कळ मोठा व बुद्धिमान. जगातील बहुतेक सर्व पोपट 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. कॉकटील, बजरीगर यांसारखे थोडे अपवाद. परिशिष्टांतील पक्षी बाळगणाऱ्याने त्याची नोंद सरकारदरबारी केलीच पाहिजे; २०२४ च्या नियमांप्रमाणे ती 'परिवेश' या संकेतस्थळावर करतात. करडा आफ्रिकी पोपट तर २०१७ पासून सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे, कारण रानातून पकडून नेण्याच्या धंद्याने त्याची संख्या फार घटली. असा पक्षी कोणी देऊ केला तर प्रथम कागद पाहावेत, पक्षी नंतर.

पिल्लू झाडावरून काढून आणण्याचा उद्योग नवा नाही. मराठीत आपण ज्या वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' म्हणतो, त्याचे नाव ज्या ग्रंथावरून पडले त्या बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत कथेतच त्याचे वर्णन आहे. राजा शूद्रकाच्या सभेत आणलेला वैशंपायन नावाचा पोपट आपली कथा स्वतः सांगतो. विंध्यारण्यातील एका प्रचंड शाल्मली वृक्षावर त्याचे घरटे होते. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. पंख झडलेला म्हातारा बाप इकडचे तिकडचे फळांचे व धान्याचे कण वेचून त्याला भरवी. एके दिवशी एक वृद्ध शबर झाडावर चढला आणि ढोलीढोलीतील पक्षी माना मुरगाळून खाली टाकू लागला. बापाने पिल्लाला पंखाखाली झाकले. बाप मेला, आणि त्याला बिलगलेले पिल्लू वाळल्या पानांच्या ढिगावर पडून वाचले. पुढे हारीत नावाच्या मुनिकुमाराने त्याच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडले. विद्यार्थ्यांनी हा भाग एखाद्या चांगल्या मराठी अनुवादातून अवश्य वाचावा. ही हकीकत पारध्याच्या तोंडची नाही, पिल्लाच्या तोंडची आहे, ही बाणाची दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते.

आमच्या स्वतःच्या घरी हारीत कोणी नव्हता. आम्ही सहा-सात वर्षांचे असताना शेजारच्या कुळागरातील एक वठलेला माड तोडला. त्याच्या ढोलीत किराची तीन पिल्ले निघाली. एक आमच्याकडे आले. कायदा तेव्हाही होता. आमच्या घरी कोणास तो ठाऊक नव्हता एवढेच. आम्ही त्याला दुधात कुस्करलेला पाव भरविला. पक्ष्याला दूध पचत नाही हे आम्हांस कोणी सांगितले नाही आणि आम्ही कोणाला विचारले नाही. गळ्याखालची पिशवी फुगून दगडासारखी झाली आणि सहाव्या दिवशी सकाळी पिल्लू मेलेले आढळले. आम्ही माया केली नाही असे नव्हे. दिवसभर त्याला हातात घेऊन बसत होतो. हे येथे सांगण्याचे कारण, पिल्लू वाढविण्यास माया पुरत नाही, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

आता त्या दुकानदाराच्या पिल्लाचा विचार करू. कॉकटीलचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा आंधळे असते. अंगावर विरळ पिवळी लव असते. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात. चार-पाच आठवड्यांचे झाले की ते घरट्याबाहेर येते. तथापि त्यानंतरही कित्येक दिवस आईबाप त्याला भरवितात, आणि साधारण आठ ते दहा आठवड्यांनी ते आपले आपण पोटभर खाऊ लागते. दोन-तीन आठवड्यांचे पिल्लू घरी आणावयाचे म्हणजे मधल्या सर्व काळात आईबापांचे काम आपण करावयाचे. ते काम कसले? त्यासाठी मिळणारे खास पीठ पाण्यात कालवून, चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊन ठेवून, सिरिंजने अथवा वाकविलेल्या चमच्याने दर तीन-चार तासांनी भरवावे लागते. दोन-तीन अंशांनी जास्त ऊन झाले तर गळ्याखालची पिशवी आतून भाजते; निवले तर अन्न तेथेच साचून आंबते. घाईने भरविले तर घास श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते किंवा पुढे फुप्फुसे बिघडून मरते. पिसे फुटेपर्यंत त्याला कृत्रिम ऊबही द्यावी लागते. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, आईवडील दोघेही नोकरीवर, अशा घरात हे कोण करणार? "रजेत करू," असे मुले म्हणतात. पिल्लाची भूक मात्र रजा पाहून लागत नाही.

बरे, हे सर्व कोणी निगुतीने केले असे धरू. 'ते तुम्हांलाच आई समजेल' हे म्हणणे कितपत खरे? काही काळ खरे. हाताने वाढविलेले पिल्लू माणसाला भीत नाही, मागे मागे फिरते, खांद्यावर झोपते. परंतु पोपटाचे बाळपण थोडे आणि आयुष्य मोठे. कॉकटील वर्षभरात वयात येतो. करड्या आफ्रिकी पोपटाला त्यासाठी तीन ते पाच वर्षे, क्वचित अधिकही लागतात. वयात आलेला पक्षी आपला जोडीदार शोधतो, आपली जागा राखू लागतो, ओरडतो, चावतो. माणसाच्याच हातात वाढलेल्या पक्ष्याने जोडीदार म्हणून घरातील एका माणसाला निवडले, तर तो इतरांवर धावून जातो. काल गालाला गाल लावणारे पिल्लू आज असे का वागते, हे घरच्यांना कळत नाही. मग पिंजरा गॅलरीत जातो, आणि गॅलरीतून आणखी कोठे तरी. लोक 'म्हातारा पक्षी' म्हणून ज्याला नाकारतात तो पुष्कळदा असा दोन-तीन वर्षांचा, नुकताच तरुण झालेला पक्षी असतो.

आणि पिल्लू घरट्यात केवळ अन्न घेत नाही, शिकतही असते. व्हेनेझुएलात हिरव्या लहान पोपटांच्या एका जातीचा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जातीत प्रत्येक पक्ष्याला ओळखीची एक स्वतंत्र हाक असते, जणू नावच. संशोधकांनी एका घरट्यातील अंडी दुसऱ्या घरट्यात ठेवून पाहिले. पिल्लांच्या हाका जन्मदात्यांसारख्या न होता पालनकर्त्यांसारख्या झाल्या. म्हणजे नाव आईबापांकडून मिळते, आणि तेही पिल्लू घरट्यात असतानाच. डोळे उघडण्याच्या सुमारास ज्याला तेथून उचलले त्याला पोपटांमध्ये पोपट म्हणून वागण्याचे धडे कोणी द्यावयाचे?

याचा अर्थ माणसाळलेला पक्षी हवा तर आईबापांपासून तोडलाच पाहिजे असाही नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात ॲमेझॉन पोपटांच्या एका जातीवर झालेले काम १९९९ मध्ये छापून आले. तेथे पिल्ले आईबापांपाशीच ठेविली. फक्त दररोज काही वेळ त्यांना हातात घेऊन परत घरट्यात ठेवीत. ती मोठी झाल्यावर, मुळीच न हाताळलेल्या पिल्लांपेक्षा कितीतरी अधिक सहजपणे माणसाच्या हातावर येत. चांगले पालक-व्यावसायिक असेच करतात. तेव्हा ज्यांना लहान पक्षीच हवा आहे त्यांनी आपले आपण खाणारा, निदान आठ-दहा आठवड्यांचा, आईबापांपाशी वाढलेला आणि रोज हाताळलेला पक्षी मागावा. आणि दुकानदाराने 'लहान असेल तितके बरे' असे म्हटले की उठून यावे.

प्रौढ पक्ष्याची बाजू मांडताना आम्ही एका साध्या गोष्टीपासून आरंभ करू: तो जसा आहे तसा समोर दिसतो. कॉकटीलचे पिल्लू नर की मादी हे पहिली पिसे झडेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिन्यांपर्यंत, नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्या वयात सर्वच माद्यांसारखे दिसतात. ही क्षुल्लक बाब नव्हे. शीळ घालतो तो बहुधा नर. मादी एकटी असली तरी अंडी घालते, पुन्हा पुन्हा घालू लागली तर तिच्या हाडांतील चुना कमी होतो, आणि अंडे अडकून ती दगावूही शकते. किराच्या नराला कंठीच मुळी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येते. पिल्लू घेणारा मनुष्य बंद पाकीट घेतो. प्रौढ पक्ष्याचे पाकीट उघडलेले असते: तो नर आहे की मादी, किती मोठ्याने ओरडतो, लहान मुलांना भितो का, काय खातो, आजवर कोणते दुखणे झाले.

"पण म्हाताऱ्याला नवे काय शिकविता येणार?" हा आक्षेप मुलीच्या मामांचा. मामांना येथे ॲलेक्सची ओळख करून द्यावीशी वाटते. हा करडा आफ्रिकी पोपट १९७७ मध्ये डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी शिकागोच्या एका दुकानातून घेतला, तेव्हा तो सुमारे वर्षाचा होता. म्हणजे तोही अगदी लहान पिल्लू नव्हता. पुढे तीस वर्षे तो शिकत राहिला. सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंत संख्या त्याला येत. आणि समोर अमुक रंगाची वस्तू एकही नसली तर 'काही नाही' अशा अर्थाचा शब्द तो योग्य जागी वापरतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे वय अठ्ठावीसच्या पुढे होते. ६ सप्टेंबर २००७ रोजी तो वारला. आपण घोकंपट्टीला 'पोपटपंची' म्हणतो, तेव्हा पोपटावर थोडा अन्याय करतो असे आम्हांस त्याच्याविषयी वाचल्यापासून वाटू लागले आहे. (आमच्या वर्गातील काही पाठांतरपटूंवर मात्र तो शब्द लावण्यात अन्याय नाही.) बजरीगरासारखा इवलासा पोपटदेखील प्रौढपणी जोडी जमली की आपली हाक बदलून मादीच्या हाकेसारखी करतो. शिकण्याचे दार पिल्लूपणी उघडते आणि मग कायमचे बंद होते, असे पोपटांच्या बाबतीत नाही.

वयाचा हिशेबही मांडून पाहावा. नीट सांभाळलेला कॉकटील पंधरा-वीस वर्षे सहज जगतो, काही पंचविशीही ओलांडतात. चौदा वर्षांच्या मुलीने आज पिल्लू घेतले तर ती तीस-चौतीस वर्षांची होईतो ते असणार. दहावी, बारावी, मग पणजी, बेळगाव, पुणे अथवा त्याहून दूर शिक्षण, नोकरी, संसार. या सर्वांत तो पिंजरा कोठे असेल? आईवडिलांच्या घरी, आईच्या गळ्यात. अकरा वर्षांचा पक्षी घेतला तर मुलगी विशीत पोहोचेतो बहुधा त्याचे आयुष्य पुरे होईल. हा हिशेब ऐकावयास कठोर वाटतो, तरी तो मांडलेला बरा. करडा आफ्रिकी पोपट तर चाळीस ते साठ वर्षे जगू शकतो. त्याचे पिल्लू आणणाऱ्या चाळिशीतील गृहस्थाने आपल्यानंतर तो कोणाकडे जाईल हे त्याच दिवशी ठरवावे. आजींनी आपल्या पक्ष्याची सोय जाण्यापूर्वी केली. पुष्कळांना तेवढा अवधी मिळत नाही.

प्रौढ पक्ष्याची गैरसोयही सांगितली पाहिजे, नाही तर हे प्रकरण वकिली होईल. तो जुन्या घराच्या सवयी घेऊन येतो. जन्मभर नुसत्या बियांवर, विशेषतः सूर्यफुलाच्या बियांवर वाढला असेल तर त्याचे यकृत चरबीने बिघडलेले असू शकते, अ जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो, आणि भाजीपाला तो प्रथम तोंडातही घेत नाही. कोणी एकट्याने कोंडून ठेवलेला असेल तर स्वतःची पिसे उपटीत बसतो. हे दुखणे जुने झाले की समूळ जाईलच असे नाही. तरी कमी होऊ शकते. डेव्हिस येथेच २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण ॲमेझॉन पोपटांना खाणे शोधून, खटपट करून काढावे लागेल अशी साधने व चढण्या-कुरतडण्याच्या वस्तू दिल्या. त्यांची पिसे चांगली राहिली, आणि ज्यांना हे उशिरा दिले त्यांचीही सुधारली. याला पैसा लागत नाही. नारळाची करवंटी, शेवग्याची ओली डहाळी, कागदाच्या पुडीत बांधलेले राळे, पेरूच्या फांदीचा दांडा एवढ्यावर काम भागते.

पक्षी का देत आहेत, हे विचारावयास संकोच करू नये. 'परगावी जातो', 'मालक वारले' ही कारणे सरळ आहेत. 'फार ओरडतो' हेही कारण सरळ आहे, मात्र आपल्या भिंतीपलीकडचे शेजारी कोण आहेत ते आठवून मग होकार द्यावा. उत्तर देणारा घुटमळला तर आणखी दोनदा भेट द्यावी, आणि एकदा न कळविता. पायात बंद कडे असेल तर त्यावरचे वर्ष वाचावे. नाही तर पूर्ण वाढलेल्या पोपटाचे वय चेहऱ्यावरून सांगता येत नाही. करड्या पोपटाच्या पिल्लाची बुबुळे काळपट असतात व तीन-चार वर्षांत ती फिकट पिवळी होतात. पुढे तो सहा वर्षांचा काय नि सोळा वर्षांचा काय, सारखाच.

घरी आणण्यापूर्वी पशुवैद्यांस दाखवावे. घरात आधी दुसरा पक्षी असल्यास नव्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवावे. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा एक ज्वर आहे. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी गेलेल्या पोपटांबरोबर तो कित्येक देशांत पसरला होता. आज त्यावर औषध आहे, परंतु विष्ठा वाळून तिची धूळ होऊ देऊ नये, आणि घरात कोणाला ताप-खोकला झाला तर 'आमच्याकडे पक्षी आहे' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये. न चिकटणाऱ्या तव्यावरचा लेप फार तापला की त्याची वाफ पक्ष्याला मिनिटांत मारते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी त्याला देऊ नये. मिरची मात्र खुशाल द्यावी. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे 'पोपट तिखट खाऊन तिखट बोलतो' हा समज निराधार आहे.

पहिले काही आठवडे जुना पिंजरा, जुनी भांडी, जुन्या वेळा बदलू नयेत. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी. हात आत घालू नये. जवळ बसून आपला अभ्यास करावा, मोठ्याने वाचावे. कॉकटीलला ते आवडते आणि परीक्षेलाही बाधत नाही. त्याचा तुरा वाचावयास शिकावे: ताठ उभा म्हणजे तो दचकला आहे, किंचित मागे झुकलेला म्हणजे निवांत आहे, डोक्याला चपट चिकटला आणि फुसकारा आला म्हणजे 'दूर राहा'. अशा वेळी दूरच राहावे. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता हवी. परंतु ही जात काळोखात दचकून पिंजऱ्यात आपटून घेते, म्हणून कोपऱ्यात एखादा मंद दिवा असू द्यावा. हातावर येण्यास कोणाला आठवडा लागतो, कोणाला अर्धे वर्ष.

आजी जाण्यापूर्वी आठ दिवस पिंजरा मुलीच्या घरी आला. मामा दोन दिवस बोलत नव्हते. आजी रोज संध्याकाळी येऊन बसत, आणि जाताना त्यांनी शंभर पानांची एक वही मुलीच्या हाती दिली: तो काय खातो, पिसे कधी झडतात, कोणत्या आवाजाला भितो, २०१९ साली पाय सुजला तेव्हा काय औषध दिले, सर्व तारीखवार. पक्ष्याचे नाव बाबलो. नंतर एकोणीस दिवस बाबलोने एकही शीळ घातली नाही. त्याला घरातले सर्वजण "ये रे, ये रे" म्हणून बोलावीत आणि तो ढिम्म हलत नसे. मुलीने वर्गात हे सांगितले तेव्हा आम्हीच तिला विचारले, आजी त्याला कोंकणीतून बोलावीत असत काय? दुसऱ्या दिवसापासून "यो रे बाबलो" सुरू झाले. तो लगेच आला असे मुळीच नाही, पण मान वळवून पाहू लागला. विसाव्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्टीला उत्तर दिले. मुलीच्या बोटावर तो पाचव्या महिन्यात चढला. वडिलांच्या खांद्यावर त्याआधीच दोन महिने बसत होता, याचे तिला अजून थोडे वाईट वाटते. चारच्या चहाच्या वेळी तो दाराकडे तोंड करून बसतो, ते अद्याप चालू आहे. रविवारी पुण्याहून आजींचा फोन येतो तेव्हा त्याचा तुरा उभा राहतो आणि तो गप्प होतो.

आजींची वही मुलगी आता पुढे लिहिते. दर सोमवारी सकाळी किराणा तोलण्याच्या लहान काट्यावर राळ्याची लोंबी दाखवून ती त्याला उभा करते. गेल्या सोमवारची नोंद आम्ही पाहिली : वजन ९२ ग्रॅम, गाजर खाल्ले, पालक टाकला, डाव्या पंखाचे एक पीस गळले, वहीत चिकटविले आहे.